सिंथच्या आवाजाला हात कसा द्यायचा: इलेक्ट्रॉनिक म्युझिक आणि व्हिज्युअल्समधून एएसएमआर, नवख्यांसाठी

एएसएमआर, म्हणजे बारीक, जवळच्या आवाजांनी किंवा हळू हालचालींनी डोक्यामागून मानेवर उतरणारी सुखद शिरशिरी, म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, कोणीतरी माईकला खेटून कुजबुजतंय नाहीतर नखांनी डबीवर टकटक करतंय. पण ज्यांना सिंथ (इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आवाज बनवणारा सिंथेसायझर), सॅम्पलर (रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणारा), ॲनिमेशन यातलं थोडंफार येतं त्यांना वेगळाच प्रश्न पडतो, की इथे माणूसच नाही, माईक नाही, आवाज सगळा कॉम्प्युटरमधला, चित्रही कॉम्प्युटरमधलं, मग ती शिरशिरी येणार कुठून? येते की. फक्त आपोआप येत नाही. शांत पॅड, म्हणजे मागे लांबत राहणारा मऊ सूर, लावला, वर निळंजांभळं काहीतरी गोलगोल फिरवलं आणि टायटलमध्ये एएसएमआर टाकलं, असे ढीगभर व्हिडिओ पडलेत आणि त्यांनी फार तर झोप येते, शिरशिरी नाही.

माझं म्हणणं असं आहे की सिंथच्या आवाजाला हात नसतो. एएसएमआर ऐकताना कान शोधत काय असतो, तर कोणीतरी अगदी जवळ बसून, घाई न करता, लक्ष देऊन एखाद्या वस्तूला हात लावतंय ही जाणीव. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये ती फुकट मिळते, इलेक्ट्रॉनिकमध्ये मुद्दाम घालावी लागते. आता ती कशी घालायची ते एकेक करून बघू.

आधी थोडं डोक्यात घ्या

एएसएमआर, म्हणजे ऑटोनॉमस सेन्सरी मेरिडियन रिस्पॉन्स, हे नाव २०१० मध्ये जेनिफर ॲलन यांनी दिलं, ते वैद्यकीय वगैरे वाटतं पण ते मुद्दामच तसं गंभीर ठेवलेलं आहे. यावरचा गाजलेला पहिला अभ्यास २०१५ चा, स्वान्सी युनिव्हर्सिटीच्या बॅरॅट आणि डेव्हिस यांचा, त्यांनी ४७५ लोकांना विचारलं की तुम्हाला कशाने होतं. कुजबुज ७५ टक्के, कोणीतरी आपल्याकडे वैयक्तिक लक्ष देणं ६९, कुरकुरीत आवाज ६४ आणि हळू हालचाली ५३ टक्के. आपल्या कामाचे शेवटचे दोन बघा, कुरकुरीत आवाज आणि हळू हालचाल, दोन्ही कॉम्प्युटरवर बनवता येतात. पहिले दोन अवघड आहेत, पण त्यांनाही आडमार्ग आहे, तो पुढे येईलच.

दुसरं म्हणजे गाणं ऐकून अंगावर काटा येतो ते आणि हे एकच समजू नका. तो काटा बहुतेक वेळा धक्क्याने येतो, आवाज चढत जातो, अनपेक्षित सूर लागतो, सगळी वाद्यं एकदम येतात तेव्हा. एएसएमआर उलट्या बाजूने येतो. २०१८ मध्ये शेफील्डच्या लोकांनी मोजलं तेव्हा ज्यांना एएसएमआर होतो त्यांच्या हृदयाचे ठोके व्हिडिओ बघताना मिनिटाला साधारण ३ ने कमी झाले होते. त्यामुळे बिल्डअप आणि ड्रॉप, म्हणजे ताण चढवत नेऊन एकदम सोडणं, ही इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्यांची सगळ्यात लाडकी युक्ती, इथे विसरून जायची. आणि सगळ्यांना हे होत नाही, काहींना तर असल्या बारीक आवाजांचा चक्क राग येतो, तेव्हा मित्राला ऐकवलं आणि तो वैतागला तर लगेच ट्रॅक डिलीट करू नका.

सामान

फार काही नको. वायरवाले हेडफोन घ्या, ब्लूटूथ नको कारण त्यात आवाज शंभर-दोनशे मिलीसेकंद उशिरा येऊ शकतो आणि चित्राशी जुळवताना वेड लागायची पाळी येते. सॉफ्टवेअर तुमच्याकडे असेल ते चालेल, सिंथ फुकटातले व्हायटल किंवा सर्ज एक्सटी पुरेसे आहेत, चित्रासाठी ब्लेंडर फुकट आहे आणि टचडिझायनरचं बिनव्यावसायिक वापरासाठीचं व्हर्जन पण फुकट आहे.

एक गोष्ट पहिल्या दिवसापासून करा, व्हॉल्यूम. ऐकणारा रात्री पडल्या पडल्या हळू आवाजात ऐकणार आहे आणि आपला कान हळू आवाजात खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकतो, हे १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून ठेवलंय. म्हणजे तुम्ही मोठ्याने मिक्स केलं तर तुमचा सुंदर जाड बेस त्याच्यापर्यंत पोचणारच नाही. म्हणून व्हॉल्यूम एकदा खाली आणून ठेवा, हळू बोलण्याइतका, आणि मग त्या नॉबला हात लावू नका.

पायरी १: कण बनवा, सूर नाही

सुरुवात मेलडीने करू नका, एका टकटकीने करा. कर्टिस रोड्स वगैरे लोकांनी ज्याला मायक्रोसाउंड म्हटलं ते म्हणजे साधारण १ ते १०० मिलीसेकंदांचे आवाजाचे कण, आपलं बरचसं काम त्याच आकारात चालतं. रेसिपी अशी: सिंथमध्ये नॉइझ (खरखरीचा आवाज) घ्या, अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्य, डिके (विरायला लागणारा वेळ) १० ते ३० मिलीसेकंद, सस्टेन (नंतर टिकून राहणारी पातळी) शून्य, आणि बँडपास फिल्टर (ठरावीक पट्ट्यातलेच सूर जाऊ देणारा) २ ते ८ हजार हर्ट्झच्या मध्ये कुठेतरी. डिके अगदी ३-४ मिलीसेकंद केला की फक्त टिच असा क्लिक उरतो, २०-३० ला टप् येतो, ५० च्या पुढे गेलात की श्श सुरू होतं. एवढ्यावरच अर्धा तास खेळा, खरंच.

आता हा कण कशाचा आहे ते कानाला कळलं पाहिजे. वस्तू काचेची की लाकडाची हे कान मुख्यतः घुमणं किती लवकर विरतं त्यावरून ओळखतो, सूर किती उंच आहे त्यावरून फारसं नाही. म्हणून तोच क्लिक दोन-चार अरुंद रेझोनंट, म्हणजे एका सुरावर घुमणाऱ्या, फिल्टरमधून एकदम पाठवा, फिल्टरचे सूर एकमेकांच्या सरळ पटीत ठेवू नका, वाकडेतिकडेच ठेवा, आणि मग नुसतं घुमणं लांबवा-आखडा. लांब ठेवलं तर काच किंवा धातू, आखूड ठेवलं आणि वरचे सूर आधी विझवले तर लाकूड, फारच आखूड म्हणजे प्लास्टिक. फिल्टर सगळे एकदम खाली सरकवा, वस्तू मोठी होते, वर सरकवा, छोटी. हे एवढं जमलं की तुमच्याकडे वस्तूंनी भरलेलं कपाट आलं आणि सॅम्पल पॅक शोधत बसायची गरज संपली.

३-४ हजार हर्ट्झला जपा. कानाची नळी स्वतःच ३ हजारच्या आसपास घुमते म्हणून तिथे आपण सगळ्यात जास्त संवेदनशील असतो, बाळाचं रडणं तिथेच टोचतं. तिथे थोडं कमी करा आणि कुरकुरीतपणा ६ ते १० हजारातून आणा.

तसं हे सगळं नवीन नाहीये. नव्वदच्या दशकात ग्लिच नावाच्या म्युझिकवाल्यांनी सीडी अडकल्याचे आवाज, क्लिक, खरखर यांचंच म्युझिक केलं होतं, आणि स्टीव्ह रोडेन या कलाकाराने नुसता कागद हाताळल्याचे आवाज प्रोसेस करून अख्खा अल्बम केला, २००१ मध्ये, एएसएमआर हे नाव यायच्या कितीतरी आधी. त्या प्रकाराला लोअरकेस म्हणतात, शोधून ऐका, शाळा आहे ती.

पायरी २: आता त्यात हात घाला

हीच खरी पायरी, बाकी सगळं हिच्याभोवती.

कण ग्रिडवर, म्हणजे समान अंतराच्या रेघांवर, टाकले की ते मशीन वाटतं, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून लोक काय करतात तर टायमिंग आणि व्हॉल्यूम रँडम करतात. तरी हात वाटत नाही, पाऊस वाटतो. कारण हात रँडम नसतो. हात येतो, एकदा चाचपून बघतो, मग चार बोटं एकामागोमाग पडतात, ६०-९० मिलीसेकंदांच्या अंतराने, करंगळीचं सगळ्यात हलकं, मग थांबतो, जरा सरकतो, परत तेच पण किंचित वेगळं. म्हणजे गट, गटात उतार, गटांमध्ये श्वासाएवढी जागा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे माउसने नोट्स मांडायच्याच नाहीत, ड्रम पॅडवर किंवा नुसत्या कीबोर्डवर बोटांनी वाजवून रेकॉर्ड करा आणि क्वांटाइझचं, म्हणजे नोट्स ग्रिडवर ओढणारं, बटन आहे हे विसरा. तुमचाच हात आहे, तोच वापरा.

त्याबरोबर व्हेलॉसिटी, म्हणजे नोट किती जोरात वाजवली तो आकडा, फक्त व्हॉल्यूमला जोडू नका, फिल्टरलाही जोडा. कुठलीही वस्तू जोरात वाजवली की ती नुसती मोठी नाही, जास्त चमकदार पण वाजते, आणि हळू वाजवली की बोथट. हे नसलं की कान लगेच ओळखतो की कोणीतरी फेडर वरखाली करतंय. तीन-चार वेगवेगळे कण बनवून आळीपाळीने वाजतील असंही करा, तोच क्लिक तंतोतंत दोनदा येता कामा नये.

ब्रश, घासणं, केसातून हात फिरवणं असे लांब आवाज हवे असतील तर लांब नॉइझ घ्या आणि त्याला वेगाचा आकार द्या. घासताना हात सावकाश सुरू होतो, मध्ये वेग घेतो, शेवटी मंदावतो, तर फिल्टर आणि व्हॉल्यूम दोन्ही त्या वेगाबरोबर वर जाऊन खाली आले पाहिजेत. परत येतानाचा फटकारा जाणाऱ्यासारखाच ठेवू नका, थोडा आखूड, थोडा गडद. एलएफओला (आवाज ठरावीक गतीने वरखाली करणाऱ्या यंत्रणेला) नुसती साइन वेव्ह लावून दिली की समुद्राची लाट होते, ती पण छान असते म्हणा, पण लाटेचं तुमच्याकडे लक्ष नसतं.

कुजबुजीचा आडमार्ग इथेच सांगून टाकतो. व्होकोडर (एका आवाजाला दुसऱ्याचा आकार देणारं साधन) घ्या, त्याला कॅरियर, म्हणजे ज्याला आकार द्यायचा तो आवाज, म्हणून सिंथच्या सुराऐवजी व्हाइट नॉइझ द्या आणि मॉड्युलेटर, म्हणजे आकार देणारा, म्हणून कुठलंही साधं बोलणं. बाहेर येते ती कुजबुज, कारण कुजबुज म्हणजे तरी काय, स्वरतंतू न वाजवता नुसत्या हवेला तोंडाने दिलेला आकार. मग ती तोडून अक्षरं वेगळी करा, अर्थ लागला नाही तरी चालेल, उलट न लागलेलाच बरा, अर्थ लागला की डोकं जागं होतं.

पायरी ३: जवळ आणा

जवळचा आवाज म्हणजे मोठा आवाज नाही. जवळचा म्हणजे कोरडा, वरचे सूर शाबूत असलेला, आणि एका कानात दुसऱ्यापेक्षा स्पष्ट जास्त. म्हणून कणांना रिव्हर्ब (खोलीत घुमल्यासारखा परिणाम) नको, अजिबात, कितीही मोह झाला तरी. रिव्हर्ब मागच्या पॅडला द्या, भरपूर द्या, कारण मागचं लांब गेलं की पुढचं आपोआप कानाशी येतं.

पॅन करताना, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे ठेवताना, शंभर टक्के डावीकडे टाकलं तर हेडफोनमध्ये ते कानात अडकल्यासारखं वाटतं, खऱ्या जगात आवाज दुसऱ्या कानालाही पोचतोच, डोक्याला वळसा घालून, साधारण ०.६ ते ०.७ मिलीसेकंद उशिरा आणि बोथट होऊन. तेच हाताने करा: कणाची कॉपी दुसऱ्या बाजूला, ०.६ मिलीसेकंद डिले, वरचे सूर कापलेले, बरीच हळू. किंवा बायनॉरल (दोन कानांच्या हिशोबाने आवाज ठेवणारं) पॅनर प्लगिन लावा, ते हेच आणखी नीट करतं. पण समोर-मागे हा फरक त्यावर सोडू नका, प्रत्येकाच्या कानाचा आकार वेगळा असल्यामुळे एकाला समोर वाटतं ते दुसऱ्याला मागे वाटतं. डावं-उजवं आणि जवळ-लांब यावरच भिस्त ठेवा. एका कानाकडून दुसऱ्याकडे जायला ६-८ सेकंद तरी घ्या, हात चालत जातो, उडी मारत नाही.

पायरी ४: मागचं म्युझिक

इथे आवरतं घ्या. एक-दोन कॉर्ड, अटॅक दोन सेकंदांच्या वर, आणि वरचे सूर दीड-दोन हजार हर्ट्झच्या पुढे कापून टाका म्हणजे ती जागा कणांना मोकळी राहील. गुणगुणता येईल अशी मेलडी नको, ती लागली की लक्ष स्पर्शावरून उठतं आणि चालीच्या मागे जातं. ठेका हवाच असेल तर ५०-६० हर्ट्झचा मऊ साइन, क्लिक नसलेला, हळू. कण वाजला की पॅड एखाद-दोन डेसिबल दबेल असं साइडचेन (एका आवाजाने दुसरा दाबायची सोय) लावा, ऐकणाऱ्याला कळणारही नाही पण कण पुढे येतील.

लिमिटरने (आवाजाची शिखरं कापणाऱ्या साधनाने) दाबून मोठं करू नका. यूट्यूब मोठा आवाज स्वतःच खाली आणतं, साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) आसपास, पण हळू ट्रॅक वर उचलत नाही. मी उणे २० च्या जवळ ठेवायला सांगेन. त्याहून फार खाली गेलात तर लोक व्हॉल्यूम चढवतात आणि मग मध्ये जाहिरात येते आणि काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

पायरी ५: चित्र

आवाजाप्रमाणे उड्या मारणारे बार, वर्तुळं, पार्टिकल्स, हे एएसएमआरसाठी जवळजवळ निरुपयोगी आहेत, कारण त्यात कशालाही स्पर्श होत नाही. चित्राला पण हात हवा असतो, म्हणजे पृष्ठभाग पाहिजे, त्याचा पोत पाहिजे, आणि काहीतरी त्याला टेकलं की त्याने दबलं पाहिजे, वाकलं पाहिजे, परत सावकाश जागेवर आलं पाहिजे. ब्लेंडरमध्ये क्लॉथ आणि सॉफ्ट बॉडी सिम्युलेशन याचसाठी आहे. कॅमेरा अगदी जवळ, मागचं धूसर, लाइट बाजूने, म्हणजे बारीक खडबडीतपणा दिसतो. मेण, जेल, त्वचा असं मऊ हवं असेल तर मटेरियलमध्ये सबसर्फेस वापरा, प्रकाश थोडा आत मुरला की वस्तू लगेच बोट लावावीशी वाटते.

हालचाल एकसारख्या वेगाची नको, सुरुवात आणि शेवट दोन्हीकडे मंद. आणि स्पर्श व्हायच्या आधी एखादा सेकंद ब्रश पृष्ठभागाच्या वर नुसता तरंगू द्या. अर्धी शिरशिरी त्या सेकंदातच येते, बघणाऱ्याला कळतं की आता टेकणार, आणि मग तो टेकलाच पाहिजे, तिथे गंमत म्हणून हुलकावणी दिलीत तर माणूस बंद करून जातो.

ऑडिओवरून आपोआप हलणारं चित्र करायचंच असेल, टचडिझायनरमध्ये वगैरे, तर आवाजाची लेव्हल थेट आकाराला जोडू नका, थरथरतं. मध्ये स्मूदिंग घाला, चढताना पटकन, उतरताना ३००-६०० मिलीसेकंद. पण मी म्हणेन की पहिल्या कामाला उलटं करा, आधी ॲनिमेशन पूर्ण करा, जिथे जिथे टेकतं त्या फ्रेमवर मार्कर टाका, आणि मग चित्र बघत बघत बोटांनी कण वाजवा. चुकलेल्या नोट्स नंतर मार्करवर सरकवा.

सरकवताना दिशा लक्षात ठेवा. आवाज चित्राच्या आधी आला तर साधारण ४५ मिलीसेकंदांनाच कळतं, नंतर आला तर १२५ पर्यंत चालून जातं, ब्रॉडकास्टवाल्यांचे हे जुने आकडे आहेत, आंतरराष्ट्रीय टेलिकॉम संघाच्या शिफारशीतले. कारणही सरळ आहे, लांबची गोष्ट आधी दिसते आणि मग ऐकू येते याची आपल्याला सवय आहे, उलट कधी घडत नाही. तेव्हा २५ फ्रेमच्या व्हिडिओत एक फ्रेम म्हणजे ४० मिलीसेकंद, आवाज त्याच फ्रेमवर किंवा एक फ्रेम मागे, आधी कधीच नाही.

कट शक्यतो नकोत, घ्यायचाच तर आवाज थांबलेला असताना. लखलखाट तर बिलकुल नको, सेकंदाला ३ पेक्षा जास्त फ्लॅश काही लोकांना झटका आणू शकतात, इथे शिरशिरीचा प्रश्नच नाही, सुरक्षेचा आहे. बॅकग्राउंड गडद ठेवा कारण अंधारात बघतात, फक्त गडद ग्रेडियंट अपलोड झाल्यावर पट्ट्यापट्ट्यांचे दिसतात, त्यावर बारीक ग्रेन टाकलं की पट्ट्या बऱ्यापैकी लपतात.

पायरी ६: जोडणी

पहिलं अर्धं मिनिट एकच आवाज, एकच वस्तू. एक ट्रिगर, म्हणजे शिरशिरी आणणारा आवाज, दोन ते चार मिनिटं चालू द्या, त्याहून लांबवलं की कान सरावतो आणि शिरशिरी जाते, त्याहून लवकर बदललं तर लागायच्या आतच गेलं. बदलताना एकदम एकच गोष्ट बदला, वस्तू तीच पण बाजू दुसरी, किंवा बाजू तीच पण काचेचं लाकूड. मध्ये मध्ये नुसता पॅड राहू द्या. आणि पार्श्वभूमीला बारीक एकसारखा नॉइझ शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर प्रत्येक शांततेत पूर्ण डिजिटल शून्य येतं आणि हेडफोन बंद पडले की काय असं वाटतं.

पायरी ७: तपासा

एकदा डोळे मिटून ऐका, एकदा आवाज बंद करून बघा. दोन्ही वेळा वस्तू कशाची आहे ते कळलं पाहिजे आणि दोन्ही वेळा ते एकच उत्तर आलं पाहिजे, आवाज लाकडाचा आणि चित्र जेलचं असं बरेचदा होऊन बसतं. मग साध्या इअरफोनवर ऐका. मग दुसऱ्या दिवशी रात्री, अंथरुणात, स्क्रीनवर टाइमलाइन न बघता.

तुम्हाला स्वतःला शिरशिरी येईल अशी अपेक्षा ठेवू नका, इतक्यांदा ऐकून तुमचा कान त्याला पुरता सरावलेला असतो. तुम्ही फक्त कुठे दचकलात, कुठे टोचलं आणि कुठे कंटाळलात एवढं लिहून ठेवा. टोचलं तिथे परत ३-४ हजार बघा, दचकलात तिथे तो एक कण हळू करा, कंटाळलात तिथे बहुतेक पायरी २ कमी पडलीये.

एक्सपोर्ट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट करा आणि अपलोड आधी प्रायव्हेट ठेवून तिथून ऐका. नॉइझसारखे आवाज कॉम्प्रेशनला सगळ्यात जड जातात, बिटरेट कमी पडला की ब्रशचा आवाज पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळ होतो. तसं झालं तर मूळ प्रोजेक्टमध्ये १२ हजारच्या वरचं थोडं कापा, एकावेळी वाजणारे नॉइझचे लेयर कमी करा, आणि परत अपलोड करून बघा.